पाय बुटात ठेवणारे जावई

शब्दकोडं सोडवणं आणि शब्दकोडं रचणं यांत जेवणं आणि स्वयंपाक करणं यांत असतो तेवढाच फरक असतो, हे मीटरसाहेबांना कोडं रचायला बसल्यावर कळलं. त्याआधी त्यांचा असा समज होता की चार रेघा आडव्या, चार उभ्या, थोडी घरं काळी केली की शब्द आपणहून येऊन बसतात. पाणीपुरवठा कार्यालयाच्या मीटर विभागात माणसाचे असे समज होऊ शकतात. तिथे आकडे खरोखरच आपणहून येऊन बसतात.

मीटरसाहेब हे त्यांचं नाव इमारतीने ठेवलेलं. कुणाच्याही नळाची धार बारीक झाली की अख्खी इमारत त्यांच्याकडे अशा नजरेने बघायची, जणू घरातल्या टाकीत त्यांनी सगळं पाणी एकट्याने साठवून ठेवलंय. स्वभावाने अत्यंत गरीब माणूस. पण गरीब माणसालाही एखादा अपमान असा असतो की तो जुना होत नाही. मीटरसाहेबांचा अपमान दर रविवारी सकाळी चहाच्या वेळेला त्यांच्याच घरी येऊन, त्यांच्याच खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसायचा. ते म्हणजे त्यांचे सासरे.

सासरेबुवा निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना अण्णा म्हणत. रविवारची पुरवणी बगलेत आणि शाईचं पेन खिशात घेऊन ते यायचे, समोर चहाचा कप ठेवला जायचा, आणि तो निवायच्या आत कोडं सुटलेलं असायचं. शाईने. पेन्सिलीने कोडं सोडवणारा माणूस म्हणजे मागे वळून बघत चालणारा माणूस, असं त्यांचं मत होतं. दुसरं मत असं की छापलेलं कधी चुकत नसतं, वाचणारा चुकतो. या एका वाक्यावर त्यांनी पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी वाकवले होते. भूगोलाच्या पुस्तकात एक नदी डोंगर चढून गेलेली दिसली तेव्हासुद्धा अण्णांनी पुस्तकाला नव्हे, डोंगराला दोष दिला होता म्हणतात.

आता अपमान. मीटरसाहेब मुलगी बघायला, म्हणजे खरं तर स्वतःला दाखवायलाच, अण्णांच्या घरी गेले होते. पगार, नोकरी, बदली हे सगळं झाल्यावर अण्णांनी सहज विचारलं होतं, "बरं, सांगा पाहू. घोड्यावर बसल्यावर स्वार पाय कशात ठेवतो?"

मीटरसाहेबांनी आयुष्यात घोडा पाहिला होता तो लांबून. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "बुटात."

आतल्या खोलीत कुणीतरी हसलं. त्या हसण्याशीच पुढे लग्न झालं, एवढाच काय तो त्या दिवसाचा फायदा. अण्णांनी मात्र सावकाश सांगितलं, "रिकीब म्हणतात तिला. खोगिराच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी कडी असते, रिकीब." आणि त्या दिवसापासून वाचनालयात, बँकेत, दवाखान्यात, जिथे म्हणून ओळख करून द्यायची वेळ आली तिथे अण्णा म्हणत, "हे आमचे जावई. पाय बुटात ठेवतात." समोरचा माणूस अजाणता खाली बघायचा. मीटरसाहेबही बघायचे.

रविवारी तर नेमच होता. कोड्यात एखादं अगदीच पोरकट सूत्र आलं की अण्णा चष्म्यावरून बघून म्हणायचे, "जावईबापू, हे एक ठेवलंय बरं का तुमच्यासाठी. गाईच्या पिल्लाला काय म्हणतात?" आणि मीटरसाहेब, इतका अपमान होऊनही, "वासरू" असं सांगून टाकायचे. न सांगावं तर तेवढंही येत नाही असा अर्थ झाला असता.

अशा परिस्थितीत पुरवणीत एक छोटी चौकट आली. कोडं रचणाऱ्या गृहस्थांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया असल्यामुळे काही आठवडे वाचकांनीच कोडी पाठवावीत, निवडक कोडी रचनाकाराच्या नावासह छापली जातील. मीटरसाहेबांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पेपर घडी करून उशाखाली ठेवला.

"काय शिजतंय?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"अण्णांना अडवायचंय ना?"

लग्नाला इतकी वर्षं झाली की बायकोला शोधसूत्र लागतच नाही, थेट उत्तर येतं. मीटरसाहेबांनी कबूल केलं. त्यांना अण्णांना हरवायचं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, अण्णांचं पेन कागदावरून वर उचललं जावं, आणि ते आपल्यामुळे उचललं जावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि चौकटीच्या बरोबर मधोमध, सातव्या क्रमांकाचा आडवा शब्द म्हणून, त्यांना रिकीब बसवायची होती. आम्हीही शिकलो, हे अण्णांना त्यांच्याच पेनाने लिहायला लावायचं होतं.

रिकीब बसली. तिच्या रिवरून खाली 'रिवाज' उतरला, बवरून 'बखर' उतरली. इथपर्यंत सगळं एका बैठकीत झालं आणि मीटरसाहेबांनी बायकोला दुसरा चहा करायला सांगितला. मग मात्र शब्दांनी असहकार पुकारला. एका कोपऱ्यात त्यांनी मोठ्या हौसेने 'कमळ' लिहिलं आणि त्यातल्या शेवटच्या अक्षरावरून एक उभा शब्द सुरू करायचा ठरवलं. ळपासून सुरू होणारा. ते चार संध्याकाळी शब्दकोश घेऊन बसले. ऑफिसातही जेवणाच्या सुट्टीत ते भिंतीकडे बघत "ळ... ळ... ळ..." करत बसलेले पाहून शिपायाने पाणी आणून दिलं. ळपासून सुरू होणारा शब्द आपल्या भाषेत नाही, हे कळल्यावर त्यांना आपली कुणीतरी वैयक्तिक फसवणूक केल्यासारखं वाटलं.

"मग कमळाचं पंकज करा की," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "चिखलात उगवतं ते उगवतंच."

पंकज केलं. कोपरा सुटला. मीटरसाहेबांनी शब्दकोश असा मिटला की जणू हे त्यांच्याच मनात होतं.

तोवर बातमी इमारतीत पसरली होती. खालच्या मजल्यावरचे औषधवाले दुकान बंद करून वर आले. "तुमचं कोडं समाजोपयोगी पाहिजे," ते म्हणाले. "आडवं पित्त घाला, उभा खोकला घाला. लोकांना माहिती होईल." जाताना त्यांनी एक खोकल्याची बाटली नमुना म्हणून ठेवली. समोरच्या घरातल्या वकीलबाईंनी काळ्या घरांना हरकत घेतली. "इतकी घरं रिकामी का? ती कुणाच्या मालकीची?" चौकटीत काळी घरं लागतातच, असं मीटरसाहेब म्हणाले, तेव्हा त्यांनी विचारलं, "तसा नियम लेखी आहे का?" लेखी नव्हता. मीटरसाहेबांना रात्री झोप लागेना.

शिवाय कोडी रचणाऱ्या माणसाची बोली बिघडते. कोड्याच्या जगात पक्षी हा पक्षी नसतो, तो खग असतो. डोंगर नग असतो, आवाज रव असतो आणि अंधाराला कुणी अंधार म्हणत नाही. जेवायला बसताना मीटरसाहेब एकदा मुलीला म्हणाले, "कर धुतलास का?" तर आतून बायको म्हणाली, "मागच्याच महिन्यात भरला, पावती कपाटात आहे."

कोडं पुरं झालं. आता पाठवायचं एवढंच राहिलं, असं कुणालाही वाटेल. पण सरकारी नोकराला काही छापून आणायचं तर वरिष्ठांची परवानगी लागते. मीटरसाहेबांनी अर्ज दिला. मोठ्या साहेबांनी कोडं मागवून घेतलं आणि चष्मा लावून असं वाचलं, जणू ते एखाद्या फुटलेल्या जलवाहिनीचा अहवाल वाचताहेत.

"हे काय? गळती?"

"साहेब, तो उभा शब्द आहे. 'थेंब थेंब वाया जाणे.'"

"पाणीपुरवठ्याचा कर्मचारी 'गळती' छापतो? उद्या वरून विचारणा आली तर मी काय सांगू, उभी होती म्हणून?"

मीटरसाहेबांनी गळतीची भरती केली. 'समुद्राला येते ती.' साहेबांनी त्यावरही थोडा विचार केला, कारण नोकरभरती बंद होती. पण समुद्र त्यांच्या खात्यात येत नसल्यामुळे सही झाली.

पेपरच्या कचेरीत आणखी एक रीत होती. पुरवणी बघणाऱ्या बाईंनी मीटरसाहेबांच्या हातातला जाड लिफाफा बघूनच मान हलवली. "एकत्र नाही चालत. शोधसूत्रांचा कागद टाइप करायला या खिडकीत जातो. चौकट आखायला पलीकडच्या खिडकीत. दोन वेगळे लिफाफे करा."

"पण मग ती दोन पुन्हा एकत्र कोण करतं?"

"होतात ती," पुरवणीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतका विश्वास होता की मीटरसाहेबांनी जिन्यावर बसून दोन लिफाफे केले. अक्षरसंख्या मात्र त्यांनी कुठल्याच सूत्रापुढे लिहिली नाही. अक्षरं किती ते सांगणं म्हणजे परीक्षेत कानात उत्तर सांगणं, असं अण्णा म्हणत.

आणि एका रविवारी कोडं छापून आलं.

मीटरसाहेब पेपरवाल्याच्या आधी जिन्यात उभे होते. खाली ठसठशीत अक्षरात त्यांचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट, आणि दोन्ही नावं बरोबर. त्यांनी नाव बायकोला दाखवलं, मुलीला दाखवलं, दार उघडं ठेवून जिन्यात येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं दाखवलं. छाती भरून आली म्हणतात ती कशी येते हे त्यांना त्या दिवशी कळलं. बनियनसुद्धा घट्ट झाल्यासारखं वाटत होतं. या सगळ्या गडबडीत त्यांनी चौकटीकडे पाहिलंच नव्हतं. ती पाहिली तेव्हा चहा गॅसवर उकळत होता आणि अण्णांची पावलं जिन्यात वाजत होती.

चौकट त्यांची नव्हती.

दुसऱ्याच कुणाची तरी होती. अकरा घरं आडवी, अकरा उभी, क्रमांकही बहुतेक जुळत होते, पण घरं वेगळीच. बुध ग्रहाला चार घरं. कोळ्याच्या पायांना तीन. मधोमध, जिथे रिकीब बसायची, तिथे एक सहा घरांची लांबलचक ओळ होती. आणि दोन सूत्रांना तर चौकटीत जागाच नव्हती. दोन लिफाफे दोन खिडक्यांतून गेले होते आणि एकत्र झाले ते भलत्याच्याच लिफाफ्याशी.

"जावईबापू, नाव पाहिलं," दारातून अण्णा म्हणाले. त्यांनी खुर्ची खिडकीकडे ओढली, पेनाचं टोपण काढलं. "पाहू या काय केलंय तुम्ही."

मीटरसाहेब सांगणार होते. त्यांनी तोंडसुद्धा उघडलं होतं. पण तेवढ्यात अण्णांचं पेन कागदाकडे गेलं आणि कागदाला न टेकता परत वर आलं.

खोलीतलं सगळं थांबलं. अण्णांनी दुसरं सूत्र वाचलं. पेन खाली गेलं, वर आलं. चहावर साय धरली. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि पुन्हा आत गेली. मीटरसाहेब भिंतीला टेकून उभे होते. सांगायला हवं, हे त्यांना कळत होतं. पण ज्या क्षणाची वाट इतकी वर्षं पाहिली तो समोर चालू असताना त्याला मधेच अडवायचं कसं, हे कळत नव्हतं.

शेवटी अण्णांनी पेनाचं टोपण लावलं. चौकट कोरी होती. ते उभे राहिले, जावयासमोर उभे राहिले, आणि म्हणाले, "फार उंचीची रचना आहे. मला झेपली नाही."

एवढं बोलून ते जेवायला न थांबता गेले. चहा तसाच राहिला.

खरं सांगायचं तर त्या वाक्याने मीटरसाहेब दिवसभर तरंगत होते. त्यांनी ते मनातल्या मनात अनेकदा म्हणून पाहिलं. एकदा आरशासमोरही म्हणून पाहिलं. वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण ते वाईट वाटणं खाली कुठेतरी होतं आणि ते स्वतः बरेच वर होते.

संध्याकाळी औषधवाले आले, हातात पुरवणी. "सोडवलं!" ते म्हणाले. "जरा जड गेलं, पण सोडवलं. बुधचं बुधग्रह केलं की चार घरं भरतात. आणि षटकोनाच्या बाजू, ही मात्र तुम्ही गंमत केलीत, सहासात!"

"सहासात?"

"चार घरं होती ना. सहा म्हटलं तर दोनच भरतात. म्हटलं, शाळेत शिकलो त्याला किती वर्षं झाली, तेव्हापासून वाढली असेल एखादी."

वकीलबाई तर दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "कोळ्याला अकरा पाय असतात हे मला ठाऊक नव्हतं. मी आठ समजत होते. पण तीन घरं म्हणजे पुरावाच झाला. आठ लिहिलं तर एक घर रिकामं राहतं, आणि तिथे संशयाला जागा राहते." दोन सूत्रांना घरंच नव्हती, त्यांची उत्तरं त्यांनी समासात लिहून खाली सही केली होती.

एकालाही कोड्याची शंका आली नव्हती. छापून आलं होतं ना! माणसांनी आपलं सगळं ज्ञान वाकवलं होतं, पण चौकट वाकवली नव्हती. मीटरसाहेबांना पहिल्यांदाच घाम फुटला.

सोमवारी ते पेपरच्या कचेरीत गेले. पुरवणीबाई त्यांना बघून उठून उभ्या राहिल्या. "या, या! इतका प्रतिसाद आजवर कुठल्याच कोड्याला नव्हता. हे बघा, लोक कालपासून उत्तरं आणून टाकताहेत, टेबलावर जागा नाही."

"पण बाई, चौकट चुकली आहे."

"तक्रार एकही नाही."

"मी करतो ना तक्रार!"

"तुम्ही कसे करणार? दुरुस्ती छापायची तर वाचकाची तक्रार लागते. तुम्ही रचनाकार." पुरवणीबाईंनी आवाज उतरवला. "आणि आता दुरुस्ती छापली तर ही एवढी बरोबर उत्तरं चुकीची ठरतील. लोकांना काय वाटेल?"

मीटरसाहेब निघताना बाई म्हणाल्या, "पुढचंही असंच अवघड करून द्या."

आठवडा मोठा विचित्र गेला. वाचनालयात गेलेल्या एका शेजाऱ्याने येऊन सांगितलं की अण्णा तिथे जावयाबद्दल बोलत होते, आणि बुटाचं नावही काढलं नाही. "जावई फार वाचलेला माणूस आहे, मी ओळखलं नाही," असं म्हणाले. भाजीवाल्याने मीटरसाहेबांना आपणहून पिशवी धरून दिली. कार्यालयात मोठ्या साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. बसायला! मीटर विभागातला माणूस त्या खोलीत बसल्याची नोंद नाही. मीटरसाहेबांना वाटलं, असंच राहू द्यावं. कुणाचं नुकसान झालंय?

मग औषधवाले खूश होऊन म्हणाले, "तुमच्या कोड्याने गिऱ्हाईक वाढवलं हो माझं. तुमचे सासरे आले होते. स्मरणशक्तीच्या गोळ्या मागत होते. म्हणाले, डोकं गळायला लागलंय."

मीटरसाहेब वर आले आणि बायकोला सगळं सांगितलं. लिफाफे, खिडक्या, कोळ्याचे पाय, सगळं. ती हसली, इतकी हसली की तिला पदराने डोळे पुसावे लागले. मग तिने पदर खाली घेतला आणि ती हसत नव्हती.

"फोनवर मला विचारत होते," ती म्हणाली. "ग्रह ओळीने म्हणून दाखवले त्यांनी, आणि विचारलं, बरोबर आहेत ना गं? मला वाटलं गंमत करताहेत."

मीटरसाहेबांनी समोरची पुरवणी उलटी करून ठेवली.

"तुम्हाला काय हवंय ते तुम्ही ठरवा," बायको म्हणाली. "वेताची खुर्ची हवी असेल तर ती आता तुमचीच आहे. अण्णा काही येणार नाहीत रविवारी."

मीटरसाहेबांनी खुर्चीकडे पाहिलं. मग त्यांनी आपल्या मूळ चौकटीची घरी ठेवलेली कोरी नक्कल शोधून काढली, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात घातली आणि बूट चढवले.

अण्णांच्या घरी टेबलावर शब्दकोश, भूगोलाची पुस्तकं, एक ज्ञानकोशाचा खंड, सगळं उघडं पडलं होतं. मधे ती पुरवणी. अण्णा तिच्यावर वाकलेले. त्यांच्या हातात पेन्सिल होती. मागे खोडरबर असलेली, शाळेतल्या पोरांची पेन्सिल. चौकट खोडून खोडून पांढरी झाली होती आणि एका जागी फाटली होती.

ती पेन्सिल पाहून मीटरसाहेबांचा सगळा अभिमान एकदम गळून पडला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हे नव्हतं.

"या जावईबापू," अण्णा घाईघाईने उठले. "बसा, खुर्चीत बसा. मला एक सांगा, कोळ्याला पाय..."

"आठच, अण्णा. चौकट माझी नाही."

"म्हणजे?"

"कचेरीत लिफाफे बदलले. सूत्रं माझी आणि चौकट दुसऱ्याची. हे कोडं सुटणारच नव्हतं. कुणाच्या बापालाही..." ते थांबले. "मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुम्ही उंचीची रचना म्हणालात आणि माझ्याच्याने सांगवेना. फार बरं वाटलं होतं मला."

अण्णांनी पुरवणीतल्या फाटक्या जागेवरून बोट फिरवलं. छापलेलं कधी चुकत नाही, हे वाक्य त्यांच्या डोक्यात कुठेतरी खाली बसत असावं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे माझं डोकं?"

"शाबूत आहे."

"आणि तुमचं?"

"नेहमीसारखंच."

अण्णा हसले. गोळ्यांची बाटली त्यांनी खणात टाकली, तिच्यावर पेन्सिल टाकली आणि खण बंद केला. "आणा इकडे तुमची चौकट. आणि चहा टाका. समोर बसू नका, रचनाकार समोर बसला की सोडवणाऱ्याला लाज वाटते."

मीटरसाहेबांनी अण्णांच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा शोधून चहा केला. कप घेऊन बाहेर आले तर पेनाचं टोपण लागलेलं होतं. कप टेबलावर ठेवला, त्याच्यातून वाफ निघत होती, आणि अण्णांनी कागद पुढे सरकवला. शाईने, एकही खाडाखोड नाही. पंकज होतं, भरती होती, बुध दोन घरांत सुखाने बसला होता. मीटरसाहेबांची नजर धावत मध्यावर गेली. 'खोगिराला लोंबते, स्वार पाय ठेवतो.' सात आडवा.

तीन घरांत ठळक शाईने लिहिलं होतं: बुटात.

त्यामुळे तिथून खाली उतरणारा 'रिवाज' बिघडून 'बुवाज' झाला होता आणि 'बखर'ची 'तखर' झाली होती.

"अण्णा, हे चुकलंय."

"कुठे?"

"सात आडवा. रिकीब आहे ती. तुम्हीच सांगितलं होतं मला."

"सांगितलं होतं," अण्णा चहाचा घोट घेत म्हणाले. "पण विचारलं काय होतं, ते आठवतं का? स्वार पाय कशात ठेवतो. अनवाणी घोड्यावर बसलेला स्वार मी तरी पाहिलेला नाही. उत्तर बरोबर होतं तुमचं. प्रश्न मी ढिला विचारला होता. ती रचणाऱ्याची चूक, जावईबापू. तुम्ही आता रचणारे झालात, तुम्हाला कळेल."

मीटरसाहेबांना काहीतरी बोलायचं होतं. "पण मग रिवाजाचं काय?" एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

"राहू द्या बिघडलेला," अण्णा म्हणाले आणि दुसरा घोट घेतला.

पुढच्या रविवारी अण्णा पुरवणी बगलेत घेऊन वेळेवर आले. जिन्यात वकीलबाई आपल्या माहेरच्या पाहुण्यांना निरोप देत उभ्या होत्या. मीटरसाहेब सासऱ्यांना घ्यायला दोन पायऱ्या खाली उतरले होते. अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा मुख्याध्यापकी आवाजात पाहुण्यांना सांगितलं, "हे आमचे जावई. पाय बुटात ठेवतात."

पाहुण्यांनी अजाणता खाली पाहिलं. मीटरसाहेबांनी त्या दिवशी पहाटे उठून बुटांना पॉलिश केलं होतं. त्यांनी सगळ्यांना नीट दिसावेत म्हणून पाय जरा पुढे केले.